मिस्त्रींचं झालं

मिस्त्रींच्या तोंडून 'झालं' हा शब्द सुटणं म्हणजे कंजुषाच्या मुठीतून नाणं सुटण्यापैकीच होतं. गिऱ्हाईक दुकानाच्या बाकावर बसून कंटाळून जायचं, जांभया द्यायचं, विचारायचं, "झालं का हो मिस्त्री?" मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "होतंय." घटकाभराने पुन्हा विचारलं तर, "होत आलंय." चाक फिरायला लागलं, इंजिन गुरगुरायला लागलं, गाडी पुसून आरशासारखी झाली, तरी मिस्त्रींचं आपलं होतच आलेलं असायचं. एकेक नट पान्याने ओढून, ब्रेक दाबून, हँडल दोन्ही अंगांना वळवून बघितलं की मग ते हात पुसत पुसत म्हणायचे, "झालं." आणि एकदा का हा शब्द आला की मग त्या गाडीवर तान्हं लेकरू घेऊन बसावं, काळजीचं नाव नको.

दुसरी खूण चिंधीची. काम अर्धवट आहे तोवर गाडीच्या हँडलला एक लाल चिंधी बांधलेली असायची. चिंधी आहे तर गाडीला हात लावायचा नाही. मिस्त्रींच्या मुलीला ही गोष्ट अक्षरओळख व्हायच्या आधी कळली होती.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरली असं कुणी पाहिलं नव्हतं. आता ती नर्स झाली होती आणि टेकडीपलीकडच्या वरच्या वस्तीतली बाळंतपणं तिच्याकडे होती. लोकांच्या घरी वेळी-अवेळी जायचं म्हणून मोटरसायकल. त्या मोटरसायकलचं पुढचं चाक चार दिवसांमागे पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात आदळलं. भिंगरी वाचली, पण गाडीच्या पुढच्या दोन पायांपैकी, म्हणजे शॉकअपपैकी, डावा वाकला आणि त्याच्या सीलमधून तेल गळायला लागलं.

"गाडी कशी चालवतेस गं?" मिस्त्री म्हणाले होते.

"चर कसे खणतात ते त्यांना विचारा की," भिंगरी म्हणाली होती.

मिस्त्रींनी आज सकाळपासून दुसरं काम घेतलं नाही. चाक उतरवलं, दोन्ही पाय खाली ओढून काढले, आतलं काळंभोर तेल परातीत ओतलं. वाकलेला पाइप खिडकीच्या काचेवर ठेवून हळूहळू फिरवला, तेव्हा त्याच्याखालून उजेडाची फट दिसायची आणि मिटायची, दिसायची आणि मिटायची. प्रेसमध्ये घालून त्यांनी तो सरळ केला, पण दमादमाने. थोडा दाब, पुन्हा काच, पुन्हा थोडा दाब. वाकलेल्या माणसाला आणि वाकलेल्या पाइपाला एका झटक्यात सरळ करू नये, दोघंही मोडतात, हे त्यांचं नेहमीचं बोलणं. नवे सील तेल लावून बसवले. नवं तेल मोजायला त्यांच्याकडे भिंगरीची तान्हेपणीची दुधाची बाटली होती. तिच्यावर मापाच्या रेघा आहेत म्हणून त्यांनी ती कधीकाळी उचलली होती आणि बायकोने त्याबद्दल त्यांना अजून माफ केलेलं नव्हतं.

दुपार कलताना दोन्ही पाय पुन्हा जागेवर चढले. हँडलखाली त्यांना धरणाऱ्या ज्या दोन आडव्या टी असतात, एक वर आणि एक खाली, त्यांच्यात पाइप घातले, खाली चाक लावलं, एक्सल सारला. नट-बोल्ट सगळे लागले, पण नुसते बोटांनी. ही मिस्त्रींची पद्धत. बोटांनी लावायचे, मग पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाच वेळा खाली दाबायची, म्हणजे दोन्ही पाय आपापली जागा शोधून बसतात. ते बसले की मगच पाना. आधीच आवळलं तर पाय एकमेकांशी तंडत राहतात आणि सील पुन्हा फुटतं. तर गाडी पुरी दिसत होती, पाहणाऱ्याला शंका येऊ नये इतकी पुरी. पण तिचे पुढचे पाय म्हणजे दारात नुसती टेकवून ठेवलेली काठी.

मिस्त्री पाना घ्यायला वळले आणि त्यांचं कोपर परातीला लागलं. परात उलटली. काळं तेल फरशीवरून पसरत निघालं ते थेट बायकोने वाळत टाकलेल्या बसकराच्या दिशेने.

"झालं," मिस्त्री म्हणाले. चांगले मोठ्याने म्हणाले. आणि हाताला आली ती चिंधी ओढून तेल मागे पुसून घेतलं. बसकर वाचलं. मग चिंधी मुठीत तशीच धरून, लाकडाचा भुसा आणायला ते घमेलं घेऊन मागच्या अंगणात गेले. भुशाचं पोतं कुणीतरी ओल्यात सरकवलं होतं, कोरडा भुसा आतून उकरावा लागला. मध्येच गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, पण रस्त्यावर गाड्या सुरू होतच असतात.

ते परत आले तर दुकानात गाडीच्या जागी फरशी होती.

"अगं," त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली. "गाडी कुठाय?"

बायको पदराला हात पुसत आली. "भिंगरी घेऊन गेली. वरच्या वस्तीतून फोन आला, त्या पाथरवटाच्या सुनेला कळा लागल्यात. पहिलटकरीण आहे."

"घेऊन गेली? तिला न्यायला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. 'झालं' म्हणालात ना? आत आम्ही दोघींनी ऐकलं. मी म्हटलं, चहा तरी पी, तर म्हणते, बाबा झालं म्हणाले, आता कशाला थांबू. बाहेर येऊन बघितलंही तिने, चिंधी नव्हती."

मिस्त्रींनी आपल्या हाताकडे पाहिलं. चिंधी त्यांच्या मुठीत होती, तेलाने काळी झालेली.

"अगं, ते झालं तसलं नव्हतं."

"मग कसलं होतं?"

"सांडलं तेव्हाचं."

बायकोने आधी फरशीवरच्या तेलाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. ती मिस्त्र्याच्या घरात तीस वर्षं नांदलेली बाई, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "कुठले राहिलेत?" एवढंच तिने विचारलं.

"सगळे. टीचे, एक्सलचा. सगळे बोटांनी."

देवाने माणसाला जीभ एकच दिली आणि शब्दही मोजके दिले. एकाच शब्दात काम पुरं झाल्याचा आनंद ठेवला आणि त्याच शब्दात सगळं बिघडल्याचं दुःख. सूर ओळखायचं काम कानाकडे सोपवलं, आणि मध्ये भिंत असली की कान तरी काय करणार.

मिस्त्रींनी फोन लावला. घंटा वाजत राहिली, पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. भिंगरी उचलणार नव्हती. गाडीवर असताना फोनला हात लावलास तर घरात पाऊल ठेवायचं नाही, हे तिला सांगणारा दुसरा कुणी नव्हता, ते स्वतःच होते. आयुष्यभर लेकीला जे जे चांगलं शिकवलं ते ते आज एकेक करून त्यांच्यावरच उलटत होतं.

दुकानात चालती गाडी एकही नव्हती. समोरच्या दुकानात शिंपीदादा मशीन चालवत बसले होते आणि त्यांची जुनी स्कूटर पायरीला टेकून उभी होती. मिस्त्री रस्ता ओलांडून गेले.

"शिंपीदादा, उठा. पाण्याच्या टाकीच्या उताराकडे जायचंय."

"आत्ता? अहो, हा सदरा..."

"माझी पोर सुट्या बोल्टांवर गेलीय."

शिंपीदादा उठले. सदरा मशीनच्या सुईखाली तसाच राहिला.

आता ह्या स्कूटरची गोष्ट सांगायलाच हवी. शिंपीदादा तरुणपणी गाडी फार दामटायचे. एकदा पडले तेव्हा त्यांच्या बायकोने गुपचूप येऊन मिस्त्रींना सांगितलं, "भाऊ, काहीतरी करा, पण ह्यांना कळू देऊ नका." मिस्त्रींनी कार्बोरेटरमध्ये एक बारीक स्क्रू असा बसवला की अर्ध्याच्या पुढे रेस उघडणारच नाही. शिंपीदादांना सांगितलं, इंजिन म्हातारं झालंय. तेव्हापासून ती स्कूटर बैलगाडीच्या चालीने चालत होती आणि शिंपीदादा तिला बिचारीला आजीबाई म्हणत होते.

आज मिस्त्री तिच्या मागच्या सीटवर बसले होते.

"जरा पळवा," बाजार संपताना ते म्हणाले.

"पूर्ण पिळलीय हो. म्हातारी आहे ती. तुम्हीच सांगितलंत ना?"

मिस्त्रींचे डोळे रस्त्यावर, कुठे नट पडलाय का, कुठे काही चमकतंय का. मनातल्या मनात त्यांचा सगळा रस्ता चालून झाला होता. बाजारात गर्दी, तिथे वेग नाही, तिथे काही होणार नाही. शाळेपुढचे गतिरोधक, तिथे आवाज येईल. मग पूल, मग टाकीपर्यंतचा चढ. चढावर भार मागच्या चाकावर जातो, तोही निभेल. पण टाकीपासून उतार. उतारावर सगळा भार पुढच्या पायांवर येतो, ब्रेक दाबला की आणखी येतो. टीने पाइप घट्ट धरलेला नसला की तो वर सरकतो, चाक एका दिशेला तोंड करतं आणि हँडल दुसऱ्या दिशेला. उताराच्या पायथ्याशी वळण. वळणावर दगडी भिंत. भिंतीपलीकडे ओढा.

"त्या वळणावर वाळू पडलीय ना," शिंपीदादा वाऱ्यात ओरडून बोलत होते, कारण गप्प बसणं त्यांना जमत नसे. "भिंत दुरुस्त करायला गवंड्याने आणून टाकली आणि गेला तो गेलाच. कुणीतरी तिच्यावरून घसरणार एक दिवस, मी कधीचा सांगतोय."

"दादा, तुमच्या पाया पडतो, वाळूचं नका बोलू."

शाळेपाशी झाडणारी बाई फाटकाला टेकून उभी होती. मिस्त्रींनी तिला विचारलं, "माझी पोरगी गेली का इथून?"

"गेली की. हात केला मला."

"गाडी नीट होती?"

"गाडीचं मला काय कळतंय? पोरगी नीट होती." मग थोडं थांबून ती म्हणाली, "खडखडत होतं मात्र काहीतरी."

 खडखडत होतं. म्हणजे नट फिरायला लागलेत. आणि खडखड ऐकूनही ती थांबली नाही. का थांबली नाही? गाडीत उंदराने कुरतडलं तरी जिला ऐकू येतं, ती पोरगी.

पुलावर त्यांचा धीर सुटला. "थांबवा," ते म्हणाले.

"अहो, आता तर..."

"थांबवा म्हणतो ना."

शिंपीदादांनी स्कूटर कठड्याला लावली. मिस्त्री खाली बसले, शर्टाच्या खिशात नेहमीचा छोटा स्क्रूड्रायव्हर होता, तेवढाच. बाजूचं झाकण काढून त्यांनी आत हात घातला, चार आटे फिरवले आणि तो बारीक स्क्रू काढून शिंपीदादांच्या तळहातावर ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या म्हातारीचं म्हातारपण. वहिनींनी सांगितलं म्हणून बसवलं होतं. राग नंतर काढा."

शिंपीदादांनी स्क्रूकडे पाहिलं. नाकपुड्या फुगल्या. काही बोलणार तोच त्यांनी मिस्त्रींचा चेहरा पाहिला आणि स्क्रू मुकाट खिशात टाकला. "धरून बसा," ते म्हणाले.

आजीबाई कित्येक वर्षांनंतर मोकळी झाली होती. चढ तिने असा कापला की मिस्त्रींना देवाचं नाव घ्यायचीही उसंत मिळेना, आणि तरी ते घेत होते. मागायचं काय ते मात्र सुचत नव्हतं. पाइप सरकू देऊ नको म्हणावं, तर लोखंडाचा धर्म देव तरी कसा बदलेल? आपलीच चूक झाली म्हणावं, तर ते देवाला आधीच ठाऊक. शेवटी नुसतंच, तिला हळू चालवू दे, हळू चालवू दे, एवढंच ओठांत राहिलं. आणि भिंगरीने आयुष्यात काहीच हळू केलेलं नव्हतं.

टाकीपाशी पोचले तेव्हा खाली वळणावर दोन माणसं उभी दिसली. दोघंही खाली वाकून काहीतरी बघत होती. मोटरसायकल दिसत नव्हती.

 उतारभर मिस्त्रींना फक्त स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं.

जवळ गेल्यावर आधी मागचं चाक दिसलं. मग कळलं, पुढचं चाक वाळूत आहे. गवंड्याच्या त्या वाळूच्या ढिगात मोटरसायकल अर्धी घुसून तिरकी उभी होती, हँडल एकीकडे आणि चाक भलतीकडे. भिंत तिथून पाचेक हात लांब. आणि ढिगाच्या पलीकडे, वाळूतच, भिंगरी बसली होती. एका कोपराची सालं निघाली होती, केसांत वाळू होती, आणि ती कानाला फोन लावून बोलत होती.

"नाही, आजी, अजून जोर करायला सांगू नका तिला. डाव्या कुशीवर निजवा. हो. मी पोचतेच आहे. पाणी तेवढं तापत ठेवा."

मिस्त्री धावत गेले. भिंगरीने त्यांना बघितलं आणि पंजा उभा केला, थांबा. बाप थांबला. तिचं बोलणं संपेपर्यंत हात लोंबते सोडून वाळूत उभा राहिला.

तिने फोन खाली ठेवला. "बाबा, झालं म्हणालात ना?"

मिस्त्रींनी तिच्या केसांतली वाळू झटकली.

"शाळेपाशीच आवाज आला मला," भिंगरी म्हणाली. ती रागावलेली नव्हती, तिला खरंच उलगडत नव्हतं. "थांबणारच होते. मग म्हटलं, आपलेच कान वाजतायत. तुम्ही झालं म्हटल्यावर गाडीत आवाज कसा असेल? इथे ब्रेक दाबला तेव्हा हँडल हातातच राहिलं आणि चाक भलतीकडे वळलं. वाळू दिसली म्हणून..." तिने कोपर धरलं.

"तेल सांडलं होतं गं," मिस्त्री म्हणाले. "तेव्हा म्हणालो ते."

 भिंगरीला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसताना डोळ्यांत वाळू गेली. "आई म्हणतेच," ती म्हणाली, "ह्या माणसाला एकच शब्द येतो."

"पाय हलवून बघ. मान बघ."

"नर्स मी आहे, बाबा." ती उठली, थोडी लंगडली, पिशवी खांद्याला लावली. "काका, स्कूटर द्या. तिकडे पहिलटकरीण आहे."

शिंपीदादांनी किल्ली दिली. "जपून हं. आजपासून ती पळते," ते म्हणाले, आणि मिस्त्रींकडे एक नजर टाकली, जिचा हिशेब नंतर व्हायचा होता.

ती गेली. बघणारे दोघेही आपापल्या वाटेने गेले. मिस्त्री आणि शिंपीदादांनी मिळून मोटरसायकल वाळूतून ओढली. सीटखालचे पाने मिस्त्रींनीच कधी ठेवलेले होते. त्यांनी सगळे बोल्ट पुन्हा सैल केले, चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सरळ आणलं, ब्रेक धरून गाडी खाली दाबली. नवे सील कोरडे होते. पाइपही सरळच होता, वाळूने सांभाळला होता. मग पाना. पण पाना नटावर बसेना. मिस्त्रींचा हात असा थरथरत होता की पान्याचं तोंड नटाभोवती टकटक वाजत होतं.

"मी धरू का?" शिंपीदादा म्हणाले.

"सुईत दोरा ओवताना मी तुमचा हात धरतो का?"

"नाही. पण माझा हात एवढा हलला तर मी त्या दिवशी सदरा शिवत नाही."

 मिस्त्रींनी एकेक बोल्ट आवळला, पुन्हा पहिल्यापासून आवळला, आणि पुन्हा. मग खिशातून ती काळी चिंधी काढली आणि हँडलला बांधली.

"आता कशाला?" शिंपीदादा म्हणाले. "झालं ना?"

"होतंय," मिस्त्री म्हणाले.

ऊन टेकडीमागे उतरलं तशी स्कूटर आली. भिंगरी आता हळू चालवत होती, किंवा दमली होती. "मुलगी झाली," तिने लांबूनच सांगितलं. "पायाळू होती, वळवून घ्यावी लागली. दोघी ठीक आहेत." मग ती मोटरसायकलपाशी आली, चिंधी पाहिली आणि बापाकडे वळली.

"झालं का?"

तो शब्द मिस्त्रींच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडकला. त्यांनी पाना तिच्यापुढे धरला. "तू बघ."

"मी?"

"तुला आवाज ऐकू आला होता. माझ्या शब्दावर विसंबून थांबली नाहीस. आता मी म्हणणार नाही, तू बघ आणि तू म्हण."

भिंगरी वाकली. कोपर दुखत होतं म्हणून तिने पाना डाव्या हाताने धरला. वरच्या टीचे दोन बोल्ट, घट्ट. खालच्या टीचा उजवा, घट्ट. खालच्या टीचा डावा मात्र पान्याखाली कुरकुरला आणि पाव आटा फिरला.

 शिंपीदादांनी आकाशाकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान खाली घातली. तीन वेळा आवळलेला बोल्ट होता तो.

भिंगरीने तो नेटाने ओढला, एक्सल बघितला, ब्रेक धरून सगळं अंग टाकून गाडी चार वेळा दाबली, प्रत्येक वेळी कान पुढे करून. मग सावकाश, आयुष्यात पहिल्यांदाच सावकाश, तिने चिंधीची गाठ सोडली.

"झालं," ती म्हणाली.

मिस्त्री लेकीच्या मागे बसले. बसताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो उतार चढून टाकी मागे पडेपर्यंत काढला नाही. मागून शिंपीदादा येत होते आणि दर वळणावर रेस पिळून बघत होते.